चौथ्या ढोलाची जागा

"तो ठोका माझा नाही," मर्ल स्टेफन एकदा म्हणाला होता.

१९७६ चा ऑगस्ट, इंडियानातल्या कुठल्याशा शाळेचं पार्किंग, बुटांना चिकटणारं डांबर. मर्ल तेव्हा वीस वर्षांचा होता. त्या सबंध उन्हाळ्यात तो एवढं एकच वाक्य मोठ्याने बोलला असावा, असं डोलोरेस कीटरला अजून वाटतं. ती त्याच रांगेत होती, पहिल्या ढोलावर. केलर्स बेंड या त्यांच्या गावाच्या ढोल-बिगूल पथकात ढोल उचलणारी ती पहिली मुलगी. गावाबाहेर नदी ओलांडायला होडी होती, म्हणून पथकाचं नाव फेरीमेन, म्हणजे होडीवाले. मुली आल्या तरी नाव तेच राहिलं.

त्या उन्हाळ्याबद्दल लोक बोलतात तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. डोलोरेसला मात्र आठवतो तो थकवा. रात्रभर बसमध्ये, पहाटे कुठल्यातरी व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर पसरलेली अंथरुणं, दोन तासांत पुन्हा शिट्टी. ढोलाच्या पट्ट्याने खांद्यावर उठलेले लाल वळ. पावाला शेंगदाण्याचं लोणी, दुपारी तेच, प्रवासात तेच. संध्याकाळी मैदानावर दहा-बारा मिनिटं वाजवायचं, उभ्या-उभ्या निकाल ऐकायचा, घामाने ओले गणवेश खिडक्यांना टांगायचे की बस पुन्हा निघायची. हे सगळं आपण आनंदाने केलं हे तिला माहीत आहे. पण आठवणीत आनंद शोधायला गेलं की हाताला थकवाच लागतो. कोटाच्या खिशात जुना रुमाल लागावा तसा.

त्यांच्या रांगेत पाच ढोल. पहिला सगळ्यांत लहान आणि उंच आवाजाचा, पाचवा सगळ्यांत मोठा, पोटात घुमणारा. एक तुकडा पाच जणांत फोडलेला असे. प्रत्येकाला एकच ठोका. पाचही जागच्या जागी पडले, की कुणीतरी जिन्यावरून एकही पायरी न चुकवता उतरल्यासारखं वाटायचं. एकट्याचा ठोका ऐकला तर त्यात काहीच नाही. मर्लचा ठोका चौथा. तिसरा जीन मॅन्टरनाखचा.

अंतिम फेरीला आठवडा राहिला असताना जीनचे वडील चारा साठवायच्या उंच सायलोवरून पडले. गोठ्यात चाळीस गायी, घरात धाकट्या बहिणी आणि आई, मुलगा जीन एकटाच. जीनला इंडियानाहून बसमध्ये बसवून घरी धाडलं. पथकाचे शिक्षक मर्लला म्हणाले, "जीनचा ठोका तू घे. दोन्ही हात आहेत तुला." तेव्हा मर्लने ते वाक्य उच्चारलं आणि पुढे कुणी कितीही डोकं फोडलं तरी तो हलला नाही.

परीक्षक तेव्हा रांगेच्या शेजारून चालत आणि कानाला खटकली की प्रत्येक चूक टिपत. जीनची जागा मोकळी राहिली, एवढं त्यांनी माफ केलं असतं. पण मर्ल त्या मोकळ्या जागेसाठीसुद्धा थांबला. न येणाऱ्या ठोक्याची त्याने किंचित वाट पाहिली आणि मग आपला वाजवला. दर वेळी. फेरीमेन अंतिम फेरीच्या शेवटच्या रात्रीत पोचले नाहीत. अगदी थोडक्यात हुकलं.

गावाने त्याला त्रास दिला नाही, टोमणे मारले. बारमध्ये त्याच्यासमोर ग्लास आला की कुणीतरी म्हणणारच, "अरे मर्ल, ती बीअर तुझीच आहे ना? नीट विचारून घे." मर्ल हसायचा आणि सगळ्यांचे ग्लास आले का ते पाहून मगच घोट घ्यायचा.

तो पुढे नदीकाठच्या मक्याच्या कारखान्यात लागला, पाळ्या करत करत निवृत्त झाला. आईचं दुखणं त्याने काढलं. जॅनिसशी लग्न केलं. काही वर्षांनी ती निघून गेली. जाताना तिने डोलोरेसला सांगितलं होतं, "वाईट नाही गं तो. पण दारातून माझ्या आधी एकदा तरी बाहेर पडला असता, तर मला कळलं असतं की घरात आणखी कुणी आहे." चारी बाजूंना थांबायच्या पाट्या असलेल्या चौकात मर्लची गाडी उभी असली की मागचे वैतागत. समोरच्याला जा म्हणायचा, डावीकडच्याला जा म्हणायचा, उजवीकडून ट्रॅक्टर दिसला की त्यालाही जा म्हणायचा. डोलोरेसने तीस वर्षं शाळेची बस चालवली. तिने त्या चौकात त्याच्यामागे काढलेला वेळ एकत्र केला, तर एखादी सुट्टी झाली असती.

जुन्या लोकांचं पथक पुन्हा उभं करायची कल्पना लॉवेल टीडमनची. तो तेव्हा बिगूल वाजवायचा, मग जन्मभर विमा विकला. जुलैतल्या शनिवारी शाळेच्या मैदानावर बाहेरची पथकं येणार, त्यांच्याआधी फेरीमेननी एक चाल वाजवायची. अख्खं गाव येणार. सराव माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, दर गुरुवारी. हॉलला शुक्रवारच्या तळलेल्या माशांचा वास आठवडाभर असतो.

पहिला ढोल डोलोरेस. दुसरा मूळचा वारला, म्हणून तिथे पॅटी, वेंडेल ऊल्रिकची बायको. पाचवा वेंडेल स्वतः. वेंडेलला आता जवळजवळ ऐकू येत नाही. तो डोलोरेसचा डावा बूट पाहून वाजवतो आणि कधीच चुकत नाही. मध्ये तिसरा जीन, चौथा मर्ल.

जीनला दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं आलं, उजवा हात मात्र निरोप उशिरा पोचल्यासारखा हलतो. गायी विकाव्या लागल्या. त्याची बायको डोलोरेसला म्हणाली होती, "पहाटे चारला उठतो अजून. कुणासाठी, ते विचारायचं नाही. बादली पालथी घालून त्याच्यावर ठोकत बसतो. ते ढोल-बिल तुम्ही काढलंत म्हणून, नाहीतर गोठ्यात नुसता उभा राहायचा."

जीनचा ठोका बरोबर एका जागेने मागे पडायचा. म्हणजे मर्लच्या जागेवर. मर्ल त्याच्यासाठी थांबायचा, म्हणून मर्लचा पडायचा वेंडेलच्या जागेवर. वेंडेल बुटाकडे बघून आपल्या वेळेला हाणायचाच. शेवटच्या पायरीवर दोन माणसं आपटल्यासारखा आवाज व्हायचा. प्रत्येक वेळी.

शेवटच्या गुरुवारी लॉवेलने डोलोरेसला बाजूला घेतलं.

"जीनचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"परवा शनिवार. लोक हसतील गं. त्याला आज सांगून टाक."

"मी का? पथकाचा साहेब तू."

"ढोलांची तू. आणि तुझ्यावर तो चिडणार नाही."

"म्हणूनच नको वाटतं. चिडला असता तर केव्हाच सांगितलं असतं."

लॉवेलने चष्मा पुसला. "मग मर्लला तरी सांग थांबू नकोस म्हणून. निदान एकच चूक होईल."

"तुला काय वाटतं, मी सांगितलं नसेल?"

गुडघे दुखत होते. तिला खुर्चीत बसून बूट काढावेसे वाटत होते, बस्स. पण जीनला रांगेतून काढलं तर सोमवारी पहाटे चारला तो कुठे उभा राहील, ते तिला दिसत होतं. तिने जुना उपाय काढला. हंगामाच्या सुरुवातीला कच्च्या पोरांना असंच सांभाळून घेत. हात सगळ्यांबरोबर हलवायचा, टिपरू ढोलाच्या पानाला लागू द्यायचं नाही. लांबून कुणाला कळत नाही.

तिने जीनला सांगितलं. सगळ्यांसमोरच, कारण आडोशाला नेलं असतं तर जास्त लागलं असतं.

जीनने ऐकून घेतलं. "हवेत," तो म्हणाला. "हवेत मला छान जमतं. तिथे गाईसुद्धा तक्रार करत नाहीत."

"आणि तुझा ठोका..." डोलोरेस थांबली.

"मर्ल घेईल," लॉवेल म्हणाला.

सगळ्यांनी मर्लकडे पाहिलं. वेंडेलला उशिरा कळलं, पॅटीने कानाशी ओरडून सांगितल्यावर. तो जोरात हसला. "अरे देवा! म्हण रे मर्ल, म्हण! चाळीस वर्षं झाली, पुन्हा एकदा ऐकू दे ते वाक्य. या वेळी मी कानाला यंत्र लावून ऐकतो!"

मर्ल जीनकडे बघत होता. म्हातारपणात त्याची मान थोडी पुढे आली होती, त्यामुळे तो नेहमी काहीतरी ऐकायला वाकल्यासारखा दिसे.

"घे रे," जीन म्हणाला. "मी परत मागणार नाही."

मर्लने मान डोलावली. टिपरं उचलली.

लॉवेलने चार मोजले. डोलोरेस, पॅटी, मग मर्ल, पुन्हा मर्ल, मग वेंडेल. पाचही पायऱ्या. कुठे अडखळ नाही, कुठे गर्दी नाही. तिसरी पायरी तेवढी दुसऱ्या लाकडाची, कारण मर्लचा ढोल जीनच्या ढोलापेक्षा खालच्या आवाजात बोलतो. हे फक्त त्या पाचांना कळलं असतं, त्यातही वेंडेलला नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा साफ. मागचे बिगूलवाले टाळ्या वाजवायला लागले.

"हे!" लॉवेल ओरडला. "हेच, मर्ल! शहात्तरमध्ये हेच केलं असतंस, तर काय बिघडलं असतं तुझं? हे एवढं सोपं होतं!"

सोपं होतं हे डोलोरेसलाही ऐकू आलं होतं, आणि त्यानेच ती खचली. इतकी वर्षं तिने स्वतःला सांगितलं होतं की मर्लला ते जमत नव्हतं. त्याला पहिल्याच फटक्यात जमलं. तेव्हाही जमलं असतं. तो जीनची जागा राखून थांबला होता. तिकडे जीन गोठ्यात होता, आणि त्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

जीन आपल्या ढोलाचं पांढरं पान बघत होता. त्याच्यावर एकही खूण उमटली नव्हती. त्याचा उजवा हात अजून हवेत होता. खाली आणायचा राहून गेला असावा.

"चांगलं झालं मर्ल," तो म्हणाला. "खरंच. माझा ढोल असा बोलत नाही, पण चांगलं झालं."

"शेवटचं एकदा," लॉवेल म्हणाला, "मग सगळ्यांनी घरी जाऊन झोपा. वयं बघा आपली."

मर्लने दोन्ही टिपरं पट्ट्यात खोचली. आधी डोलोरेसला वाटलं, तो हात पुसतोय. पण त्याने रिकामे हात ढोलाच्या कडेवर ठेवले आणि जीनकडे पाहिलं. चौकात गाडी थांबवून समोरच्याकडे पाहतो, तसं. हनुवटी जराशी वर केली.

"मर्ल, टिपरं," लॉवेल म्हणाला.

मर्ल हलला नाही. लॉवेलने मोजायला सुरुवात केली होती, आणि एकदा मोजणं सुरू झालं की या लोकांचे हात थांबत नाहीत, डोलोरेसचाही नाही. तिने आपला ठोका टाकला. पॅटीने टाकला. मग पोकळी आली, एका पायरीएवढी. आणि मग उशिरा, जमेल तसा, जीनचा हात खाली आला आणि टिपरू पानाला लागलं. पूर्ण लागलं. ते मर्लच्या जागेवर बरोबर बसलं, आणि त्याच्यामागे वेंडेल बूट बघून आपल्या वेळेला आला.

एक पायरी नव्हती. पण कुणी आपटलं नाही.

"पुन्हा," डोलोरेस म्हणाली. लॉवेलकडे न बघता तिने स्वतःच मोजलं. पुन्हा तसंच आलं. ठोका, ठोका, पोकळी, जीन, वेंडेल. जीनचा उशीर तोच होता. त्याला पडायला आता जागा होती.

"हे काय चाललंय?" लॉवेल म्हणाला. "चौथा ढोल कुठाय? मर्ल, तू नसलास तर जीनला वाजवावंच लागेल, नाहीतर रांगेत राहिलं कोण?"

"तेच ना," डोलोरेस म्हणाली.

"शनिवारी लोक विचारतील..."

"विचारू देत."

"काय म्हणतोय तो?" वेंडेलने विचारलं.

"काही नाही म्हणत," पॅटी त्याच्या कानात ओरडली. "मर्ल काहीच म्हणत नाही."

जीन ढोलाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. मग त्याने मर्लकडे पाहिलं. तोंड उघडलं. शब्द यायला त्याला थोडा वेळ लागतो. "तू..." तो म्हणाला.

मर्लने खांद्यावरचा पट्टा सोडवला. ढोल त्याने खाली ठेवला, हळू, आवाज होणार नाही असा, आणि रांगेतली आपली जागा होती तिथून जरा मागे सरकवला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. खुंटीवरची टोपी घेतली. दारात दोन बिगूलवाल्या बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन आत येत होत्या. सवयीने त्या तशाच पुढे आल्या, मर्ल आधी त्यांना वाट देणार म्हणून.

मर्ल थांबला नाही. तो त्यांच्या आधी दारातून बाहेर गेला.