गुणाजीने स्वतः बुजवलेली दाढ

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात गुणाजीचं काम एकच, भोकं बुजवणं. साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या अंगावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं राहतात. कुठे सोंडेवर, कुठे उंदराच्या शेपटीवर. गुणाजी चिमूटभर प्लास्टर कालवतो, भोकात दाबतो, वरून अंगठा फिरवतो. मग ते भोक कुठे होतं हे खुद्द गणपतीलाही सांगता येणार नाही. तीस वर्षं हेच केल्यामुळे माणसांशी बोलतानाही त्याची नजर त्यांच्या गालावरच्या खड्ड्यांवर असते आणि अंगठा शिवशिवतो.

अशा माणसाच्या दाढेला भोक पडलं तर तो काय करणार?

अठ्ठावन्नाव्या वर्षी बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, हा त्याचा मोठा अभिमान. तो टिकवायला त्याने आरशासमोर उभं राहून दाढेत प्लास्टर भरलं. अंगठा आत जाईना, म्हणून करंगळीने गुळगुळीत केलं. थोड्या वेळाने तो गाल धरून अंगणात नाचत होता.

"काय झालं ओ?" बायको बायजा धावत आली.

"तापलं गो, तापलं!"

"प्लास्टर घट होताना तापतंच. मला पन म्हायती हाय. तीस वर्सं काय केलंत तिकडं?"

दुसऱ्या दिवशी तिने त्याला रोह्याला नेलं, आपल्या बहिणीच्या मुलीच्या, समीक्षाच्या, दातांच्या दवाखान्यात. समीक्षाने आत पाहिलं आणि तोंडावरचा मास्क आणखी वर ओढला. बहुधा हसू आवरत असावी.

"काका, मूर्ती आतून पोकळ असते. दाढेच्या आत जिवंत नस असते. गणपतीची प्राणप्रतिष्ठा चतुर्थीला होते, तुमच्या दाढेची आधीच झालेली आहे."

"मग आता गेला का काय तिचा प्राण?"

"अजून आहे, पण नस चिडलीये. शांत झाली तर वाचेल. नाही तर ती काढावी लागेल. दाढ राहील, पण निर्जीव."

"म्हंजे एकतीस जित्ते आनि एक शोभेचा!" गुणाजीचा चेहरा उतरला.

समीक्षाने दाढ साफ केली आणि तळाशी चुन्याच्या जातीच्या पांढऱ्या औषधाचा पातळ थर दिला. "हे नसेला आधार देतं. मग दाढ आतून स्वतःच नवा थर चढवते."

"सोताच? कारागीर न बोलवता?" गुणाजी खुर्चीत उठून बसला. "मूर्त्या असं करू लागल्या तर माझी नोकरीच गेली!"

"झोपा! आता यावर सिमेंट, आणि त्यावर पक्का मसाला."

"पक्का मसाला आधीच भरायचा ना थेट."

"तो घट्ट होताना आकसतो. फट राहिली की तिच्यातून जंतू आत शिरतात. भोक एवढं खोल असलं की मध्ये गादी हवीच."

हे मात्र त्याला मनापासून पटलं. दाढ भरून झाल्यावर, नस जगली का ते बघायला तिने दोन महिन्यांनी बोलावलं.

ते दोन महिने बायजाने काढले असं म्हणणं जास्त खरं. रोज सकाळी गुणाजी माठातलं गार पाणी दाढेवर धरायचा आणि जाहीर करायचा, "जराशी लागली!" किंवा, "आज काय नाय लागली गो, मेली वाटतं!"

"साचा सारखा उघडून बघितला तर मूर्ती नीट निघंल का?" बायजा म्हणायची.

ठरल्या दिवशी समीक्षाने बर्फासारखा गार कापूस आधी शेजारच्या चांगल्या दाढेला लावला. "आय गं!" कापूस काढताच दुखणं थांबलं. मग तो या दाढेवर ठेवला. एक क्षण गेला. गुणाजीने डोळे मिटून घेतले.

"आय ऽ ऽ!"

"थांबलं का?" समीक्षाने कापूस काढत विचारलं.

"थांबलं."

"लगेच?"

"लगेच!"

"मग काका, शेजारच्या चांगल्या दाढेसारखंच. नस जिवंत आहे आणि शांतही झालीये."

गुणाजी खुर्चीवरून उडी मारून बाहेरच्या बाकांकडे धावला. "बायजे, दुखलं गो, दुखलं! झकास दुखलं!"

पहिल्यांदाच दात दाखवायला आलेला हर्षद नावाचा तरुण चपला हातात घेऊनच जिना उतरला. गुणाजी वरून ओरडत होता, "अरे, पळतोस कशाला? तुजं पन दुखंल! लय चांगलं दुखवते ती!"

बायजा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि गुणाजी रस्त्यावरच्या माणसांनाही बत्तीसच्या बत्तीस दाखवत होता.