चोरकाकांचा चेहरा

किल्लीवाल्याचा चेहरा मुळात वाईट नव्हता. नाक जरा बाकदार, भुवया जोडलेल्या, हनुवटी पुढे आलेली. पण असा चेहरा कुणाच्याही मामाचा असू शकतो. त्याचं वाटोळं केलं ते त्याच्या सख्ख्या मेहुण्याने.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चित्रकलेचं शिक्षण संपलेलं, नोकरीचा पत्ता नाही, म्हणून तो बहिणीच्या दोन खोल्यांत मुक्कामाला आला आणि चित्रकथांच्या एका मासिकासाठी साहसकथा, गुप्तहेरकथा काढू लागला. गुप्तहेर त्याने मनाने रचला. चोरासाठी मात्र समोर बसेल असा माणूस हवा होता, आणि दिवसभर लोकांची कुलपं उघडून दमलेले भाऊजी जेवण झालं की भिंतीला टेकून स्वस्थ बसायचे. फुकटात मिळालेला, न हलणारा माणूस! मेहुण्याने पेन्सिल काढली. किल्लीशिवाय कुलूप कसं उघडतात, हेही तो गोड बोलून काढून घ्यायचा, आणि हा भोळा सांब प्रात्यक्षिकासकट दाखवायचा.

मासिक निघालं आणि चेहरा गावभर झाला. काळी टोपी, काळा कोट, हातात तारेचा आकडा आणि मध्ये हेच नाक. दर महिन्याला चोर कुठलीतरी तिजोरी उघडायचा आणि शेवटच्या पानावर गुप्तहेर त्याला पकडायचा. इकडे किल्लीवाल्याचा धंदा असा, की बंद घराचं दार उघडायला लोकांनी त्यालाच बोलवायचं. आता बोला! किल्ली हरवलेली बाई जिन्यात त्याला पाहून म्हणायची, “राहू द्या तुम्ही. मिस्टर येतीलच एवढ्यात.” एका गृहस्थाने तर दार उघडून घेतलं आणि त्याच्यादेखत समोरच्या दुकानातून नवं कुलूप मागवलं. गल्लीने त्याचं नावच ‘चोरकाका’ पाडलं.

त्याने ते मासिक कधी उघडून पाहिलं नाही. “स्वतःच्या बेअब्रूचं वाचन मी कशाला करू?” म्हणायचा. घरात मेहुण्याशी बोलणं बंद झालं. मीठ मागायचं तरी बायकोमार्फत. ती बिचारी माहेर आणि सासर एकाच खोलीत सांभाळायची. पुढे मेहुणा वेगळा राहू लागला, मासिक बंद पडलं, लोक विसरले. म्हातारपणी नावातला ‘चोर’ गळला आणि नुसते ‘काका’ उरले. शेजारीपाजारी घराच्या किल्ल्या त्याच्या हाती सोपवून निर्धास्त बाहेर जाऊ लागले. एवढी पत मिळवायला उभा जन्म गेला होता.

आणि मग एका प्रकाशकाने त्या जुन्या चित्रकथांचा जाडजूड संग्रह काढायचं ठरवलं. मुखपृष्ठावर कोण? चोर!

किल्लीवाला तडक मेहुण्याच्या घरी गेला. “माझं तोंड काढून टाक,” तो उंबऱ्यातूनच म्हणाला. “सगळ्या पानांवरून. नाहीतर जन्मात तुझं तोंड बघणार नाही.”

“भाऊजी, तसे तुम्ही बघताच कुठे?” मेहुणा म्हणाला, पण तो मनातून वरमला होता. आपल्यापायी या माणसाने काय सोसलं ते त्याला ठाऊक होतं. त्याचे हात आता थरथरायचे, तरी त्याने कागदाचे छोटे तुकडे कापले, त्यांवर दुसराच एक चोर काढला आणि मूळ चित्रांतल्या एकेका चेहऱ्यावर चिकटवला. कित्येक आठवडे हेच चाललं. मग त्याने निरोप धाडला, “छापायला देण्याआधी एकदा बघून जा.”

किल्लीवाला चष्मा लावून बसला. आपला चेहरा कुठे डोकावत नाही ना, हे तपासता तपासता त्याने त्या गोष्टी पहिल्यांदाच वाचल्या, आणि चांगलाच गुंगला. चोर शिंकला म्हणून सापडायचा. जिन्यात चप्पल विसरायचा. राखणीच्या कुत्र्याला थोपटत बसायचा. पण कुलूप उघडलं नाही म्हणून तो एकदाही सापडला नव्हता. पेढीची तिजोरी घ्या, जहाजाची कोठी घ्या, चार चौकटींत दार मोकळं. आणि रीत त्याचीच, कान दाराला लावलेला, आकडा करंगळीवर तोललेला. फक्त हे सगळं करत होता एक गोल गालांचा, गुळगुळीत, परका बाबा.

“हा कोण?”

“कोणी नाही. मनानेच काढलाय.”

“याला आकडा धरता येतो का? याचं तोंड बघ! याच्याने लोणच्याची बरणी उघडायची नाही.”

“चोर तर आहे, भाऊजी. चेहरा कोणाचा का असेना.”

“चोर म्हणाले ते मी ऐकून घेतलं. पण ही कुलपं मी उघडलीत!” किल्लीवाल्याचा आवाज चिरकला. “काढ हे सगळं. माझं तोंड मला परत दे.”

मेहुण्याने कपाळावर हात मारला. “आधी झाक म्हणून जीव खाल्लात! आता डिंक वाळलाय. ओढलं तर खालचं चित्र फाटेल, आणि पुन्हा काढायला माझा हात हा असा.” त्याने हात पुढे धरला. बोटं कापत होती.

किल्लीवाल्याने सदा जवळ असणाऱ्या हत्यारांच्या पिशवीतला सगळ्यांत बारीक आकडा काढला. एका तुकड्याच्या कडेला ओला कापूस टेकवला. खालची शाई पक्की होती. मग श्वास रोखून आकडा हळूच आत सरकवला. तुकडा सुटला आणि बाकदार नाक बाहेर आलं. मेहुणा चित्राकडे न बघता त्या हाताकडे बघत राहिला.

मग पानामागून पान मोकळं होत गेलं. “जपून हो.” “मला शिकवू नकोस.” इतक्या वर्षांत दोघे एवढं बोलले नव्हते.

शेवटच्या पानावर चोराच्या हातांत बेड्या होत्या आणि शेजारी गुप्तहेर छाती काढून उभा होता. मेहुणा ओशाळून म्हणाला, “एवढं एक झाकलेलंच ठेवू या का?”

किल्लीवाल्याने तिथलाही तुकडा सोडवला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. चेहऱ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. “अरे, ही बेडी तर केसातल्या पिनेने सुटेल. मग मी असा उभा का राहिलो रे?”

“उभे कुठे राहिलात?” मेहुणा म्हणाला. “दर वेळी पुढच्या महिन्यात पहिल्या पानावर तुम्ही बाहेर. कसे सुटलात ते मी कधी काढलंच नाही, भाऊजी, आणि एकाही वाचकाने विचारलं नाही. तुम्ही सुटणार, याची सगळ्यांना खात्रीच होती.”