देव नसलेली जत्रा

मयताच्या घरी लोणच्याची बरणी घेऊन गेलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. जुलैतला शुक्रवार होता. बायको आणि मुलगी दरवर्षीप्रमाणे सुट्टीला पुण्याला गेल्या होत्या आणि इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी बनियनवर उभा राहून कैरीच्या फोडींवर गार झालेली फोडणी ओतत होतो. तेवढ्यात फोन वाजला. मोंडकर भाऊंच्या खोलीत त्यांच्यासोबत राहणारा सावंत बोलत होता. ‘‘भाऊ उठत नाहीत,’’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘अँब्युलन्सवाले बघून गेले. झोपेतच गेले म्हणतात... खलास.’’ मी शर्ट चढवला, गाडीची किल्ली घेतली आणि निघालो. त्यांच्या दारात सावंत माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत राहिला, तेव्हा मला कळलं की बरणी काखेत आहे. झाकण धड लागलेलं नव्हतं, शर्टावर तेल उतरलं होतं. दारातल्या पोलिसाने विचारलं, हे काय आहे? ‘‘पिकल, सर,’’ मी म्हणालो. त्याने फार सभ्यपणे ती चपलांशेजारी ठेवायची खूण केली.

बरणी चुकून आली खरी, पण ती त्यांच्याकडेच जायची होती. दर जुलैत मी एक बरणी लोणचं घालायचो आणि पहिल्या शुक्रवारी भाऊंकडे न्यायचो. भाऊ बोट बुडवून चाखायचे, छताकडे बघायचे आणि निकाल सांगायचे, ‘‘यंदाही शेवटचो नंबर.’’ स्पर्धेत अलीकडे मी एकटाच असायचो, तरीही शेवटचा.

श्रीधर मोंडकर मालवणकडचे. एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. बायको आणि दोन मुली गावी, कारण कुटुंब इथे आणण्याइतका पगार त्यांना कधी झाला नाही. आमच्याकडे अशा माणसाला बॅचलर म्हणतात. त्याला गावी नातवंडं असली तरी तो बॅचलर. माझ्यासारखा, ज्याच्या फ्लॅटमध्ये बायको, मुलगी आणि वॉशिंग मशीन आहे, तो फॅमिली. पण जुलै उजाडला की शाळांना सुट्टी लागायची, फॅमिल्या विमानात बसायच्या आणि आम्ही फॅमिलीवाले दोन महिन्यांसाठी बॅचलर व्हायचो. भाऊ म्हणायचे, ‘‘आता तुका कळतला.’’ मला जे काही कळलं ते एवढंच की भात कुकरमध्ये लावताना पाणीही घालायचं असतं.

जत्रेची कल्पना त्यांना त्यांच्या साहेबाकडून मिळाली. ब्रायन नावाचा इंग्रज इंजिनिअर होता. तो दर उन्हाळ्यात इंग्लंडातल्या आपल्या खेड्यात जायचा आणि येताना फोटोंची पाकिटं घेऊन यायचा. हिरव्या मैदानावर पांढरा तंबू. लांब टेबलावर जॅमच्या बाटल्या आणि त्या चाखणाऱ्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या. देवळाच्या... म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये गावकऱ्यांचं नाटक. गावकऱ्यांनीच काढलेली चित्रं कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लावलेली. आणि प्रत्येक घराच्या फाटकाशी एकेक बुजगावणं, कारण त्याचीही स्पर्धा. भाऊंनी ते फोटो उसने आणून मला दाखवले. ‘‘देव नाय, पालखी नाय, तरी जत्रा भरता. बघलंस? नि ह्यां सगळां कोण करता? पोस्टमन, खाटीक, मास्तर. मग आपणांक काय धाड भरली?’’

झालं. एका केरळी कापड व्यापाऱ्याचं करामात गोदाम होतं. तोही जुलैत गावी जायचा. कापडाला दमट हवा चालत नाही म्हणून तिथला एसी मात्र अखंड चालू. किल्ली भाऊंकडे आली. तागे रचून त्यांची बाकं केली आणि नव्वदच्या दशकातल्या एका जुलैत, नमाज सुटल्यावरच्या शुक्रवारच्या दुपारी, आमची पहिली जत्रा भरली. उम्म अल कुवैनच्या लेबर कॅम्पातून भाऊंच्या कंपनीची मराठी माणसं मिनीबसने आली. सुतार, गवंडी, फिटर. बहुतेक कोकणातले, काही साताऱ्याकडचे. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल. जॅमच्या जागी लोणचं. भाऊंनी लिहिलेला अर्ध्या तासाचा फार्स, त्यात मी नायिकेचा बाप होतो आणि नायिका सावंत होता. दोरीवर चित्रं. सुताराच्या जाड पेन्सिलीने सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर काढलेली, कोणाची होडी, कोणाची म्हैस, एकाने नुसतं आपल्या घराचं दार काढलं होतं, बंद. त्यापुढे माणसं बराच वेळ उभी राहायची.

पुढे पाच-सहा वर्षं जत्रा भरत गेली. माझं लोणचं दरवर्षी शेवटचं आलं. एकदा मी बायकोने घातलेलं लोणचं माझं म्हणून ठेवलं. भाऊंनी चाखलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘वहिनींका पयलो नंबर. जोशी बाद.’’

बुजगावण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. भाऊंच्या कंपनीत प्रधान नावाचे पर्सोनेल मॅनेजर होते. मराठीच, बोलायला फार गोड. रजेचा अर्ज घेऊन गेलं की चहा मागवायचे, गावाकडची चौकशी करायचे आणि म्हणायचे, ‘‘पुढच्या महिन्यात बघू, इन्शाल्ला.’’ कॅम्पात अशी माणसं होती ज्यांचा पुढचा महिना दोन-तीन वर्षं आला नव्हता. एका वर्षी प्रधान साहेब जत्रेचे प्रमुख पाहुणे होते. कॅम्पाच्या मंडळींनी बुजगावणं उभं केलं होतं. साइटवरचा निळा डगला, हेल्मेट, त्यावर टाय, गॉगल, आणि पिवळे रबरी हातमोजे, त्यांत गोदामातल्या कापडाच्या चिंध्या भरलेल्या. गळ्यात पुठ्ठा. पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘पुढच्या महिन्यात बघू, इन्शाल्ला.’

गोदामात इतकं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. प्रधान साहेबही हसले. रुमालाने डोळे पुसले, स्वतःच्या हाताने त्याला पहिल्या नंबरची फीत लावली आणि अगदी प्रेमाने विचारलं, ‘‘कोणाची ही कलाकारी? नाव तर कळू दे.’’ हसू हळूहळू थांबलं. ज्यांनी केलं होतं ते सगळे जमिनीकडे बघू लागले. सगळ्यांचे रजेचे अर्ज साहेबांच्या टेबलावर पडले होते. भाऊ पुढे आले. ‘‘माझी, साहेब,’’ म्हणाले. ‘‘माकाच चित्रकलेचो नाद.’’ आणि वातावरण सैल व्हावं म्हणून त्यांनी बुजगावण्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, ‘‘जोशी, काढ फोटो.’’ मी काढला. माझ्या फोटोग्राफीत माणसांची डोकी वरून कापली जातात असा घरचा अनुभव आहे, पण तो एक फोटो चांगला आला.

पुढच्या मे महिन्यात भाऊंच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. रजेचा अर्ज त्यांनी बराच आधी दिला होता. चहा झाला, चौकशी झाली. साइटवर माणूस नाही, पुढच्या महिन्यात बघू. योगायोग असेल. प्रधान साहेबांच्या टेबलावर योगायोग पुष्कळ व्हायचे. लग्न त्या महिन्यातच झालं, आणि भाऊंनी ते आमच्या हॉलमध्ये बसून व्हिडिओ कॅसेटवर पाहिलं. कन्यादानाला त्यांचे धाकटे भाऊ बसले होते. कॅसेटमध्ये तिथे मध्येच खरखर यायची. ‘‘मागे घे,’’ म्हणाले. मी मागे घेतली. पुन्हा खरखर. ‘‘ऱ्हवांदे,’’ म्हणाले, आणि माझ्या बायकोला विचारलं, ‘‘वहिनी, चहा आसा?’’

मग प्रधान साहेब इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. बिनविरोध, कारण अध्यक्ष होण्याइतका मोकळा वेळ आणि स्पॉन्सर दोन्ही त्यांच्याकडेच होते. त्यांनी भाऊंना बोलावून घेतलं. ‘‘काय सुंदर कन्सेप्ट आहे हो तुमची. गोदामात कुठे सडवताय? आपण मोठं करू.’’ मोठं करायचं म्हणजे जत्रा जानेवारीत, कारण तेव्हा हवा छान असते आणि फॅमिल्या इथे असतात. जागा हॉटेलचा बॉलरूम. भाऊ सल्लागार. भाऊंना वाटलं, बरं झालं, कॅम्पाच्या माणसांना एकदा स्टेज मिळेल. त्यांनी मला फोन करून सांगितलंसुद्धा, ‘‘लाइट असतले रे, खरे लाइट.’’ कॅम्पात महिनाभर चित्रं चालली होती.

जत्रेच्या दुपारी आम्ही आत होतो. मी, बायको, मुलगी. बायको लोणच्याची परीक्षक होती. सुरुवात होऊन बराच वेळ झाला तरी भाऊ दिसेनात म्हणून मी लिफ्टने खाली गेलो. मिनीबस पार्किंगमध्ये उभी होती. कॅम्पाची मंडळी आली होती, तसेच इस्त्रीचे शर्ट, हातात चित्रांच्या गुंडाळ्या. दारातल्या मुलाने त्यांना निमंत्रणाचं कार्ड दाखवलं होतं. त्यावर खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, फक्त फॅमिलीसाठी. भाऊंना तो सोडत होता, ते सल्लागार होते. ‘‘यू कॅन गो, सर. दीज पीपल, नो.’’ भाऊंनी समितीच्या एकाला खाली बोलावलं. तो म्हणाला, ‘‘भाऊ, समजून घ्या ना. लेडीज असतात. काही जणींनी आधीच बोलून दाखवलं होतं.’’

भाऊ आत गेले नाहीत. त्यांनी दोरी काढली, मिनीबसच्या आरशाला एक टोक बांधलं, दुसरं खजुराच्या झाडाला, आणि चिमट्यांनी चित्रं लावायला घेतली. होडी, म्हैस. जानेवारीची हवा खरोखर छान होती. गाड्यांतून उतरणाऱ्या फॅमिल्या बघत होत्या आणि मुलांचे हात धरून पुढे जात होत्या. एक छोटी मुलगी थांबली, ‘‘मम्मा, लुक, काऊ,’’ म्हणाली. थोड्या वेळाने हॉटेलचा सिक्युरिटी आला आणि म्हणाला, काढा. भाऊंनी एकेक चिमटा काढून खिशात टाकला. मी म्हणालो, ‘‘भाऊ, वर चला, मी बोलतो.’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘‘तू जा,’’ म्हणाले. ‘‘वहिनी वाट बघत असतली.’’

त्यानंतर जत्रा नाही. जुलै यायचे, गोदाम कुलूपबंद असायचं. कोणी विषय काढला की भाऊ क्रिकेटबद्दल बोलायला लागायचे, ज्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. मंडळाचा जानेवारीतला सोहळा मात्र वर्षागणिक मोठा होत गेला. उरलं ते माझं लोणचं आणि त्यांचं ते एक बोट.

त्यांना गावी पाठवायचं तर कंपनीच्या सह्या लागतात. प्रधान साहेबांनी सगळ्या कागदांवर त्याच दिवशी सह्या केल्या. भाऊंची एवढी एकच रजा वेळेवर मंजूर झाली. एअरपोर्टच्या कार्गोबाहेर, डांबर वितळवणाऱ्या उन्हात, कॅम्पाची माणसं डोक्यावर रुमाल टाकून उभी होती. परतताना सावंतने सगळ्यांना खोलीवर नेलं, वरणभात लावला. तोंडी लावायला काही नव्हतं, म्हणून कोणीतरी चपलांजवळची बरणी आत आणली. सगळे जेवायला बसले. शेवटी राजापूरकडचा एक म्हातारा सुतार, ज्याने ते बंद दार काढलं होतं, म्हणाला, ‘‘भाऊ उगाच नाय नंबर देत होते. मीठ लई झालंय, शेट.’’ आणि आणखी एक फोड घेतली.

शोकसभा त्याच हॉटेलात झाली. ईमेल आला होता, सदस्यांसाठी. त्याआधी मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला, भाऊंचा चांगला फोटो आहे का? मी तो बुजगावण्याबरोबरचा दिला. मुद्दाम दिलास, असं काही मित्र म्हणतात. तसं नाही. बाकीच्या फोटोंत मी भाऊंचं डोकं कापलं होतं.

स्टेजवर फोटो मोठा करून लावला होता, चंदनाचा हार घातलेला. मला आधी कळेना की काय चुकतंय. मग दिसलं. बुजगावणं कापून टाकलं होतं. टाय नाही, हेल्मेट नाही, पुठ्ठा नाही. फक्त भाऊंच्या खांद्यावर तो पिवळा रबरी हात राहिला होता, हाराच्या शेजारी, कुठून आला हे न कळणारा. तो कापायचा तर भाऊंचा खांदाही गेला असता. त्याच्या खाली माईकपाशी उभे राहून प्रधान साहेब बोलत होते, ‘‘भाऊ आमच्या फॅमिलीतले होते.’’ त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. पुढच्या जानेवारीपासून मंडळ कैलासवासी श्रीधर मोंडकर स्मृतिचषक देणार आहे. कशासाठी, ते समिती ठरवेल. मला हसू येऊ लागलं आणि मी ते खोकला म्हणून खपवलं. शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली.

गेल्या आठवड्यात बायको आणि मुलगी परत आल्या. बॅगा अजून हॉलमध्येच होत्या, पुण्याची बाकरवडी फुटलेली होती, आणि टेबलावर मंडळाचं वार्तापत्र पडलं होतं, पहिल्या पानावर तोच फोटो. मुलीने उचललं. ‘‘बाबा, हूज हँड इज दॅट?’’ मी सांगितलं. सगळंच सांगितलं, बुजगावण्यापासून पार्किंगमधल्या दोरीपर्यंत. तिने ऐकलं, ‘‘दॅट्स सो मीन,’’ म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. मी कपाटातून मूळ फोटो काढून बायकोपुढे ठेवला आणि तावातावाने म्हणालो, असा अख्खा फोटो वार्तापत्राला पाठवतो, छापा म्हणावं, लोकांना कळू दे तो हात कोणाचा.

तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग अख्खा माझ्याकडे सरकवला आणि वार्तापत्राची घडी घातली.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांच्या खांद्यावर तो एक तरी हात होता. आपला कुणाचा होता?’’