तासाभरावरची लेक

किलोमीटर, मैल आणि कोस या तिन्हींवर सारखाच अविश्वास असलेले एकच गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि ते नेमके माझे साडू निघाले. बार्शीला त्यांची धान्याची अडत आहे. मालाच्या वजनात ते गुंजभर चुकणार नाहीत, पण अंतर मात्र जेवणांत मोजतात. सोलापूर म्हणजे एक चहा, पुणे एक जेवण, मुंबई दोन. पाहुण्याचा मुक्कामही त्यावरच ठरतो: एका जेवणावरून आलेल्याने एक रात्र राहावं, दोन जेवणांवरून आलेल्याने आठवडा. चहावरून आलेला माणूस त्यांच्या लेखी पाहुणाच नव्हे, तो नुसता डोकावून गेला. मी पडलो सोलापूरचा, त्यामुळे त्यांच्या घरी मला आजवर गादी मिळालेली नाही.

त्यांच्या मुलीला मुंबईचं स्थळ आलं, तेव्हा बायकोची कुरकुर त्यांनी याच हिशेबाने मोडून काढली. "दोन जेवणांवर हाय की! एकदा आली की आठवडा हलायची न्हाय." आणि खरंच, लेक आली की आठवडाभर राही. मग सोलापूर-मुंबई विमान सुरू झालं. मला आकड्यांची हौस. मी उत्साहाने त्यांना ऐकवलं, की रस्त्याने चारशेच्या आसपास किलोमीटर, सात-आठ तास. विमानाने जेमतेम एक तास.

"जेवाय काय देत्यात?" साडूंनी विचारलं.

"तासात कसलं जेवण? फार तर सँडविच."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, सँडविचमुळे.

यंदा अधिक महिन्यात त्यांनी लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. दोघं एका दुपारी विमानाने आली, दुसऱ्या दुपारी परतणार होती. बार्शीला जाऊन येण्यात चार तास मोडतील, म्हणून मुक्काम आणि जेवण दोन्ही आमच्याकडेच, विमानतळाजवळ, ठरलं. अनारसे, पुरण, पाट, अगदी तुपाची बरणीसुद्धा साडूंनी एसटीने आणली. वाढायला मात्र असे सावकाश, की हा माणूस विमान चुकवायच्या बेतात आहे असा मला संशय आला. धोंड्यांवर तूप सोडताना ते थेंबाथेंबाची हजेरी घेत होते.

जावई घड्याळ बघत म्हणाले, "मामा, पुढच्या खेपेला बार्शीला नक्की. तासाचं तर अंतर. कधीही येता येतं."

"कवाबी जाता येतं, तितं मानूस कवाच जात न्हाय, जावईबापू," साडू तूप सोडत म्हणाले. "आमच्या अडतीमागंच देऊळ हाय. चार वर्सं झाली, पायरी चढलो न्हाय मी."

जावई हसले. मीही हसलो. लेक हसली नाही. हातातला घास ताटात ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "तू जा. मी रविवारी रेल्वेनं येते."

"अगं, विमानाचं तिकीट फुकट जाईल," मी म्हणालो. बायकोने मला पाणी आणायला पिटाळलं.

संध्याकाळच्या एसटीने बापलेक निघाली. एरवी या रस्त्यावर साडू वैराग येईपर्यंत तीनदा तरी, "बैलं जुंपल्यात का गाडीला?" म्हणून कंडक्टरला टोचतात. पोचल्यावर लेकीचा फोन आला. वैरागच्या अलीकडेच ती बाबांच्या खांद्यावर झोपून गेली होती. बार्शीचा स्टँड आला, गाडी रिकामी झाली, तरी साडू जागचे हलेनात. कंडक्टरने हटकलं, तेव्हा तिला जाग आली; साडू त्याच्यावरच डाफरत होते, "एवढ्यात कशी आली रं बार्शी?"