चिलटांची वंशावळ

माणसाचं सोडाच, केळ्यावर बसलेल्या चिलटाचंही कूळ विचारल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, असे अख्ख्या नाशकात एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. त्यांचे वाडवडील त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये. आलेल्या यजमानाला गाव आणि आडनाव विचारायचं, वंशावळींचं बाड उघडायचं आणि त्याच्या खापरपणजोबाचं नाव काढून दाखवायचं, हा घरचा व्यवसाय. मामा प्राणिशास्त्र शिकवायला शहरात आले, पण बाड काही सुटलं नाही. यजमान तेवढे बदलले. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटची बाल्कनी सडक्या द्राक्षांच्या बरण्यांनी भरलेली असते आणि मामी तिथे नाकाला पदर लावूनच कपडे वाळत घालतात. एका लग्नात मामांनी श्रीखंडात पडलेलं चिलट चिमट्याने उचललं, भिंगाखाली धरलं आणि वरपित्याला सांगितलं, की हे तुमच्या गावचं नव्हे. वरपित्याला आनंद व्हावा की राग यावा, ते कळेना.

मला ते नेहमी बजावायचे, "दिसण्यावर जाऊ नका, जावईबापू. ही दोन जुळी वाटतात ना? सात पिढ्यांत संबंध नाही. आणि हे काळं ध्यान त्या पिवळीचं सख्खं भावंड." पंखांच्या शिरा आणि पुढच्या पायांवरचे केस पाहून ते नाती लावत. अकरा वर्षं खपून त्यांनी एका लाकडी पेटीत चिलटांच्या नळ्या वंशावळीप्रमाणे मांडल्या होत्या. चिठ्ठ्या कप्प्यांना, नळ्यांना नाहीत. माणूस बाडातल्या जागेवरून ओळखायचा, ही घरची रीत. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं एक चिलट पुस्तकांनी भलत्याच घराण्यात घातलंय, हे त्या पेटीवरून सिद्ध होणार होतं, आणि ते पाहायला बंगळूरहून एक तज्ज्ञ बाई येणार होत्या.

त्या सकाळी मामा आंघोळीला गेले आणि मी माळ्यावरून पेटी उतरवताना ती हातून सुटली. नळी एकही फुटली नाही, पण सगळ्या सतरंजीवर पसरल्या. मी घाईघाईने भरल्या. सारखी दिसणारी चिलटं शेजारी शेजारी बसवली, आणि खोटं कशाला सांगू, काम नीट जमलं असंच मला वाटलं.

बाई आल्या. मामांनी पहिली नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, मग दुसरी, मग तिसरी. मग पुन्हा पहिली. "डोळे गेले वाटतं माझे," ते म्हणाले. मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. मी साखर किती, एवढंच विचारलं. बाई सौजन्याने थोडा वेळ बसल्या आणि निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात मीच मामांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे स्वच्छ निघाले. परतताना आम्ही रिक्षात बसलो. मामा म्हणाले, "ज्याने पेटी लावली त्याने प्रेमाने लावली हो. सारखी सारखी जवळ." मी रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.

आता त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली आहे. दर रविवारी मी सडकी द्राक्षं पोचवतो आणि ते सांगतील ते त्यांच्या वहीत उतरवतो. परवा मागचं पान उलटलं, तर त्यांच्या अक्षरात ओळ होती: 'पेटीतला क्रम बिघडला. चूक माझ्या हातची.' ती ओळ खोडून तिथे माझं नाव घालावं म्हणून मी पेन उघडलंही. पण बाडात एकदा लिहिलेलं खोडायचं नसतं, हे मामांनीच शिकवलंय, आणि खरं सांगायचं तर मला ते कारण पुरलं.