एका उंबऱ्याचा दाणा: सोलापूरहून वडवणीकडे

फोन दिराचा होता. "वैनी, कौल रविवारी ठरलाय. तुमी आला न्हाई तरी चालंल. दादाचा दाणा मी टाकतो."

मी म्हणाले, "उत्तमभाऊजी, मी येतेय."

येतेय म्हणाले खरी, पण दाणा टाकायला येतेय की नुसती बघायला, हे मी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

ज्यांना आमच्या गावचा कौल ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. गाव वडवणीपासून सहा-सात किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत आहे. तिथली बरीच घरं वर्षानुवर्षं एकाच पक्षाला धरून आहेत. जुन्या वळणाचा पक्ष, जुन्या वळणाची माणसं. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीआधी पक्षाचे दोन इच्छुक उभे राहिले की गावातली ही घरं कुणाच्या बाजूने, ते मारुतीच्या पारावर ठरतं. एका उंबऱ्याला एक दाणा, घागरीत टाकायचा. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, उंबरा तिथे अजून आहे. दोन खोल्यांचं घर, आणि किल्ली माझ्याकडे. कौलासाठी हे न चुकता सोलापूरहून जायचे. माझ्या आठवणीत पाच वेळा गेले. मी कधीच गेले नव्हते, कारण दाणा पुरुष टाकतात.

हे जाऊन दोन वर्षं होतील. कपाट आवरताना त्यांची एक पितळी डबी सापडली होती. आत ज्वारीचे आणि हरभऱ्याचे थोडे दाणे होते, वर कडुनिंबाची वाळलेली पानं. कशाचं तरी बियाणं असेल म्हणून हलवून बघितली आणि परत ठेवून दिली. ह्यांच्या वस्तू मी हलवून बघते आणि परत ठेवते, एवढंच चाललं आहे.

शनिवारी सकाळी सातची एसटी धरली. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येरमाळा आणि मग बीड, साडेचार तासांचा रस्ता. रस्ता आता चांगला आहे. चाळिशीतल्या पाठीलाही सोसेल, माझ्या साठीच्या पाठीलाही सोसला. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बीडपर्यंत दोनशेच्या आत जाता येतं. ही सवलत सुरू झाली तेव्हा हे माझ्याबरोबर होते. कंडक्टरला म्हणाले, "बाईंचं पूर्ण तिकीट द्या. आम्हाला फुकटचं नको." कंडक्टर म्हणाला, "काका, मशीनमध्ये तसं बटणच नाही."

ह्यांचं मत ठाम असायचं. हे कामाला होते तो चादरीचा कारखाना बंद पडला तेव्हा चाळीस माणसं कलेक्टर कचेरीवर गेली. हे गेले नाहीत, त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. सरकारने रस्ता करावा आणि बाजूला व्हावं, असं म्हणायचे. पण दवाखान्याचा खर्च आला तेव्हा सरकारी योजनेच्या कागदांवर ह्यांनीच सही केली, आणि त्यावर आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

चौसाळ्याला एक बाई चढल्या, माझ्या शेजारी बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी. अर्धं तिकीट घेतलं आणि मला म्हणाल्या, "लेकीकडं महिन्यातून दोनदा जाते आता. आधी वरसातून दोनदा जायची." सवलत बरी की वाईट, असं मी त्यांना विचारणार होते. ते वाक्य ऐकल्यावर विचारलं नाही.

मांजरसुंब्याला गाडी पंधरा मिनिटं थांबते. इथली रबडी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. द्रोण छोटा सांगा, गोड फार असते. बीडला उतरून वडवणीची गाडी धरायची. तासाभराचा रस्ता, गाड्या बऱ्याच आहेत. मुक्काम करायचा असेल तर बीडलाच करा, वडवणीत मला धड लॉज दिसला नाही.

वडवणीत उतरल्यावर सीताफळं घेतली. सलीमभाई फळवाले ह्यांना ओळखायचे. पिशवी भरताना म्हणाले, "कौलाला आलात व्हय? भाई असते तर आतापर्यंत माझ्याशी दोन डाव भांडले असते."

"तुम्ही कुणाकडून?"

"आमचा दाणा तुमच्या घागरीत पडत न्हाई, बाई. पर रस्ता खराब झाला तर माझी बी फळं नासतात. मग मी बी भांडतो." त्यांनी वरून दोन फळं जास्त टाकली. टमटमने गावात वीस रुपयांत सोडलं.

संध्याकाळी घर उघडलं, झाडलं, उंबरा पुसला. जेवायला उत्तमभाऊजींकडे. जाऊ सिंधू चुलीपुढे होती. भाऊजींनी आल्यापासून एकच विषय धरला होता. ह्या वेळचे दोन इच्छुक म्हणजे कापूस घेणारे जिनिंगवाले अशोकराव आणि रिटायर झालेले शिवाजी मास्तर. अशोकरावांचं म्हणणं, सरकारने भाव ठरवू नये, पैशांचं फुकट वाटप बंद करावं, वीज-पाणी-रस्ता नीट द्यावा, बाकी माणूस बघून घेईल. मास्तरांचं म्हणणं, कापसाचं आणि सोयाबीनचं सरकारी खरेदी केंद्र वडवणीत आलंच पाहिजे, नाहीतर व्यापारी सांगेल तो भाव.

"दादा अशोकरावालाच देणार होता," भाऊजी म्हणाले. "दादाचं बोलणं तुमाला ठावं हाय. त्याचा दाणा वाया जाऊ नये एवढंच माझं म्हणणं."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. भावाचं मत भावानंतरही मोजलं जावं, असंच त्यांना वाटत होतं. पण ह्यांनी दाणा कुणाला टाकला असता हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी सकाळी नऊला पारावर गेले. थंडी होती, माणसं उन्हाच्या बाजूला सरकून बसली होती. बायका कडेला, भिंतीशी. मीही तिथेच बसले. कौल सुरू व्हायच्या आधी तासभर नुसतं बोलणं चालतं, आणि खरं सांगते, हा तास बघायला मी परत जाईन.

एक टोपीवाले म्हणाले, "सरकार दुकान मांडून बसलं की घरचा माणूस आळशी होतो. मास्तर, तुमचं केंद्र आलं तर आधी पावती, मग रांग, मग साहेब जेवायला गेला."

मास्तरांचा एक माणूस म्हणाला, "अन् जिनिंगवर काय होतं बे? कापूस वला हाय म्हणून वजनात कट्टी. माझ्या कापसाला काय पोहायला नेलतं मी?"

हशा झाला. अशोकराव स्वतः समोरच बसले होते, तेही हसले.

मास्तरांच्या माणसाने टोपीवाल्यांकडे वळून विचारलं, "सरकारचं दर महिन्याचं पैसं तुझ्या बायकोच्या खात्यात येत्यात, तवा कावून न्हाई म्हणलास वाटप नको?"

"तिच्या खात्यात येत्यात. मला इचारतंय कोण?"

भिंतीशी बसलेल्या बायकांतून कुणीतरी म्हणालं, "इचारलं असतं तर दिलं असतं व्हय?"

एकच पक्ष, एकच देऊळ, सगळे एकमेकांच्या लग्नात वाढपी. तरी असं भांडत होते की नवख्याला वाटावं आता उठून मारामारी होईल. गंमत अशी की दोन्हीकडचे लोक माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं असंच म्हणत होते. पायाखालची जमीन कुणी सपाट करायची, एवढ्यावर वाद होता.

मग नामदेवआबा उठले. ऐंशीच्या पुढचे, कौल तेच चालवतात. घागर मांडली, तोंडावर फडकं टाकलं. चिठ्ठी काढून ठरलं, ज्वारी अशोकरावांची, हरभरा मास्तरांचा. हे दरवेळी चिठ्ठीनेच ठरतं. आबांनी रीत मोठ्याने सांगितली. प्रत्येकाच्या हातात एक ज्वारी, एक हरभरा. मूठ फडक्याखाली घालायची, हवा तो दाणा सोडायचा, मूठ तशीच बंद काढायची. उरलेला दाणा कुणाला दाखवायचा नाही, घरी न्यायचा आणि निवडणूक होईपर्यंत घरात ठेवायचा.

मी शेजारच्या सिंधूला विचारलं, "घरी कशाला?"

"ज्याला न्हाई म्हणलं त्यो बी आपलाच हाय ना," ती म्हणाली. "म्हैनाभर घरात ऱ्हायला की राग ऱ्हात न्हाई. मग चिमण्यांना टाकायचा."

मला ती पितळी डबी आठवली. ह्यांनी चिमण्यांना टाकले नव्हते.

आबा एकेक उंबरा पुकारत होते. ह्यांचं नाव आलं, "मधुकरचा उंबरा." भाऊजी उठले. मीही उठले. मी पाराकडे चालायला लागले तेव्हा मला स्वतःलाच माझ्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

भाऊजी हळू म्हणाले, "वैनी, मी टाकतो ना."

मागून कुणीतरी म्हणालं, "बायांनी कधी टाकला न्हाई आबा. रीत मोडू नका."

सिंधू भिंतीशी उभी राहिली. "उंबरा सारवायला बाई, अन् दाणा टाकायला बाप्या?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, ती काही खाली बसली नाही.

मला भाषण येत नाही. जे तासभर ऐकलं होतं तेच बोलले. "अर्धी मंडळी म्हणतात, ज्याचं त्याला ठरवू द्या, वरून कुणी सांगू नये. मग माझ्या घरचं मला ठरवू द्या. अर्धी म्हणतात, एकट्या माणसाला कुणीतरी धरावं. मग एवढं धरा. भाऊजी, राग मानू नका. ह्यांच्या मनात काय असतं ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. ह्यांचा दाणा आता कुणीच टाकू शकत नाही. मी माझा टाकते."

आबांनी विचारलं, "मधुकरच्या घराला कुलूप हाय का?"

"आहे."

"किल्ली?"

मी पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, मला परत दिली. म्हणाले, "उंबरा म्हणजे काय नुसतं लाकूड न्हाई. जो दार उघडतो त्याचा उंबरा. उत्तम, बस खाली." आणि माझ्या तळहातावर दोन दाणे ठेवले.

घागरीत हात घातल्यावर गारवा लागतो. ज्वारी गोल, हरभऱ्याला टोक, न बघता कळतं. मनात ह्यांचा आवाज येईल असं वाटलं होतं. आला नाही. चौसाळ्याची बाई आठवली, कापसाला पोहायला नेणारा आठवला, दवाखान्यातली सही आठवली. मग मी एक दाणा सोडला. कुठला ते लिहिणार नाही, रीत आहे.

मोजणी झाली. उंबरे सत्तावन्न, ज्वारी पंचवीस, हरभरे एकतीस. मास्तर जिंकले, पण दाणे छप्पन्नच भरले.

टोपीवाले म्हणाले, "बाई विसरल्या असतील सोडायला."

"माझा आत आहे," मी म्हणाले.

आबांनी फडकं घडी केलं. "एखादा कमी भरतो कधी कधी. कुणाचं मन झालं न्हाई. दोन्ही दाणे घेऊन गेला. ते इचारायचं नसतं."

हरलेल्याने चहा पाजायचा असतो. अशोकरावांनी पाजला, मास्तरांना बशी स्वतः नेऊन दिली आणि म्हणाले, "मास्तर, केंद्र आणा, पर साहेबाच्या जेवणाची येळ ठरवून आणा."

दुपारी भाऊजींनी मोटरसायकलवर वडवणीला सोडलं. स्टँडवर माझी पिशवी वर चढवली, खिडकीशी आले. "वैनी, पुढच्या खेपंला आधी सांगा. घर झाडून ठेवतो." मी बरं म्हणाले.

कौल बघायला म्हणून कुणी जाऊ नका, तो घरातला मामला आहे. पण तिकडे गेलात तर वडवणीहून डोंगराच्या बाजूने दुपार काढा, कापूस फुटलेला असतो तेव्हा फार छान दिसतं. सगळा खर्च, रबडी आणि सीताफळं धरून, सहाशेच्या आत झाला.

सोलापूरला पोचल्यावर हातपाय धुतले आणि डबी काढली. पाच वेळा गेले होते, म्हणजे पाच दाणे असायला हवेत. ताटात ओतले. कडुनिंबाची पानं बाजूला केली. ज्वारीचे तीन, हरभऱ्याचे तीन.

सहा. मी परत मोजले.

कुठल्यातरी एका खेपेला घागर एका दाण्याने कमी भरली असणार आणि आबांनी फडकं घडी केलं असणार. हे घरी आले असतील, मी विचारलं असेल काय झालं, आणि ह्यांनी नेहमीसारखं सरकारने काय करावं ते मला ठासून सांगितलं असेल. मी भाकऱ्या थापत हं हं म्हटलं असेल. ती कुठली खेप, मला आठवत नाही. त्या दिवशी जरा थांबून विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मला वाटायचं, ह्या माणसाचं सगळं ठरलेलं असतं.

माझा उरलेला दाणा रुमालाच्या गाठीत होता. निवडणूक झाली की चिमण्यांना टाकायचा, अशी रीत आहे. मी तो डबीत ठेवला आणि कडुनिंबाची नवी पानं घातली.