पान एकतीस

वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंच्या हातात काल एक पिवळट कार्ड होतं.

समोर सावंतकाका बसले होते. त्यांचा मुलगा ज्या जहाजावर होता ते परदेशी समुद्रात बुडालं; तेव्हापासून तो बेपत्ता. तिकडच्या सरकारचा चौकशी अहवाल बाईंनी गेल्या महिन्यात इंटरनेटवर शोधून काढला आणि काकांना फोन केला : मुलाचं नाव आहे! छापून मात्र घेतला नाही. जन्मभराच्या सवयीने, पुस्तकाची करावी तशी कार्डावर नोंद केली : इंटरनेटवरचा पत्ता, शीर्षक, ‘पान एकतीस, जिवंत सापडलेल्या खलाशांची नावे’. कपाटातलं पुस्तक जागा सोडून कुठे जातं?

सरकारी कचेरीत पुरावा म्हणून कागद मागितला, म्हणून काका काल प्रत न्यायला आले. बाईंनी संगणकावर तोच पत्ता, तोच अहवाल उघडला. पान एकतीसवर हवामानाचा तक्ता होता. नावं कुठेच नव्हती. पानांचे आकडे मात्र सलग होते.

पुस्तकाचं पान कुणी फाडलं, तर शिवणीपाशी चिंधी तरी उरते. इथे तेवढीही नाही. दूरच्या कुठल्याशा कचेरीत कुणीतरी सावकाश माणसं पुसत असेल, आणि मी शेजारच्या टेबलावर पेपर उघडून बसले होते.

“पण बाई, तुम्ही नाव पाहिलं होतंत ना?” काकांनी विचारलं.

“पाहिलं होतं.”

बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. स्वतःचंच अक्षर परक्याचं असल्यासारखं न्याहाळत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “पाहिलं होतं ना हो मी?”